कॅप्सूलवर पेलाभर दूध

८ फेब्रुवारी १९७०, रविवार. मी सुके बोंबील साफ करायला बसले होते. कात्रीने डोकं आणि शेपूट उडवायचं, पोट खरवडायचं, तुकडे डब्यात टाकायचे. तारीख पक्की आठवते, कारण त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली.

दारात नणंद उभी राहिली. घाटकोपरहून मुलुंडला ती वर्षातून दोनदा यायची, गणपतीला आणि भाऊबीजेला. फेब्रुवारीत आली म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. उजवा हात पदराखाली होता.

"बसा वन्सं. काय झालं?"

"काही नाही गं वहिनी. बोट जरा दुखतंय."

'जरा' हा शब्द आमच्या सासरी फार चालतो. सासऱ्यांना जरा धाप लागायची, त्यातच ते गेले. मी कात्री खाली ठेवली आणि तिचा हात ओढून घेतला. अंगठ्याजवळचं बोट वेलची केळ्याएवढं सुजलेलं, नखाच्या कडेने पिवळं, मधल्या पेराशी जांभळं. वर हळद, हळदीवर चुना, चुन्यावर कसला तरी पाला. मांडीवर बोंबलांचं ताट असतानाही त्या बोटाचा वास आला.

तीन आठवड्यांपूर्वी शिंगाळा माशाचा काटा लागला होता. शिंगाळा कापताना आधी काटे छाटायचे आणि मग त्याला हात लावायचा, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला माहीत असतं. तिलाही माहीत होतं. पण ती खानावळ चालवायची. नवरा गेल्यापासून दीड खोलीत गावाकडच्या चौदा माणसांना दोन वेळा जेवू घालायची. सगळे विक्रोळीच्या कारखान्यांत कामाला. सकाळी डबे वेळेवर निघाले पाहिजेत, त्या घाईत तिने मासा धरला आणि काटा बोटात गेला.

"मग तीन आठवडे काय केलंत?"

तिने सांगितलं. पहिले काही दिवस हळद. मग खानावळीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाने, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आपल्या ट्रंकेतून दोन कॅप्सूल काढून दिल्या. गेल्या वर्षी खोकला झाला तेव्हाच्या उरलेल्या. खोकला थांबला तशा मामांनी त्या बंद केल्या आणि जपून ठेवल्या. चांगली वस्तू फुकट का घालवायची, हे शहाणपण. एक कॅप्सूल हातात फुटली तर आतली पूड तपकिरी झालेली. तीही तिने चाटून घेतली. मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांचं औषध आठ दिवस चालू होतं.

"कुठलं?"

तिने कमरेच्या पिशवीतून चपटी पुडी काढली. पिवळ्या कॅप्सूल. मी न वाचता ओळखल्या. आमच्याच होत्या.

मी तेव्हा आग्रा रोडवरच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आठ वर्षं झाली होती. पांढरा कोट, डोक्याला फडकं, लांब टेबलाला आम्ही वीस बायका. कॅप्सूलची पट्टी खोक्यात, त्यावर माहितीचा कागद, झाकण, चिकटपट्टी. तो कागद तीन घड्या घालूनच खोक्यात मावतो. दिवसाला किती घड्या घातल्या ते मोजायचं काम सुपरवायझरचं, ते मी त्याला कधी हिरावून घेतलं नाही.

कॅप्सूल टेट्रासायक्लिनच्या होत्या. ते एकच औषध नव्हे, त्याची भावंडं आहेत, नावाच्या पुढे-मागे एखादा शब्द लावून ओळखायची. आमच्याकडे त्यांतली दोन बनायची. तेव्हा हे औषध म्हणजे सगळ्या कुलुपांची किल्ली असल्यासारखं वाटलं जायचं. छातीत कफ झाला, टेट्रासायक्लिन. लघवीला जळजळ, टेट्रासायक्लिन. पटकी आली, तेच. डोळ्यांना खुपऱ्या झाल्या तर त्याचंच मलम, कॉलेजातल्या पोरींच्या तोंडावर फोड आले तरी त्याच कॅप्सूल. औषध वाईट नव्हतं. पण ज्याला जे सुचेल त्यासाठी ते दिलं जात होतं, आणि देणाऱ्यांतले निम्मे मामांसारखे होते, फक्त काहींच्या दारावर पाटी होती.

"ताप आहे?"

"संध्याकाळी येतो. डॉक्टर म्हणाले, दुप्पट करू. आता एका वेळी दोन, दिवसातून चारदा. आणि पोटात जळजळ होते म्हणून हे पांढरं औषध." खडूच्या पाण्यासारखी बाटली तिने बाहेर काढली. "औषध उष्ण आहे ना. म्हणाले, प्रत्येक कॅप्सूलवर पेलाभर दूध घ्या. मी नेमाने घेते हो वहिनी. एकदासुद्धा चुकले नाही."

ते खरं होतं. ती नेमाची बाई. सोळा सोमवार केले तेव्हा सतराव्या सोमवारी विसरून जेवली नाही.

दुधाचं मात्र सोपं नव्हतं. सरकारी केंद्रावर कार्डावर जेवढं मिळेल तेवढंच. दिवसाला चार पेले दूध खानावळीतून निघेना. मग त्या चौदा माणसांनी मिळून ठरवलं की बाईंचं बोट बरं होईपर्यंत आपण बिनदुधाचा चहा प्यायचा. सगळ्यांच्या वाट्याचं दूध तिला. एकाने तर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा सोडून दूध मागून घेतलं आणि ते डब्यात घालून आणलं. मामा रोज सकाळी समोर उभे राहून पेला रिकामा झालेला बघायचे.

"सगळा पी गो बाय. गरम पडात नायतर," म्हणायचे. "आमका काय, काळो च्या चलता."

हे सांगताना नणंदेचे डोळे भरून आले. मलाही ते चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकंच नव्हे, तर मी औषधाच्या कारखान्यातली, म्हणजे मला काहीतरी जास्त कळत असणार अशा थाटात म्हटलं, "चार पेल्यांनी काय होणार, वन्सं? दुप्पट कॅप्सूल तर दुप्पट दूध." आणि आमच्या मागच्या तबेल्यातून म्हशीचं दाट दूध आणून, तापवून, किटलीत भरून तिच्याबरोबर दिलं. बसस्टॉपपर्यंत मीच धरून नेली ती किटली. तिच्या डाव्या हाताला जड झाली असती.

बुधवारी नवऱ्याने निरोप आणला. गल्लीतल्या डॉक्टरांनी हात वर केले होते आणि तिला म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. मी पाळी संपवून परस्पर तिकडे गेले. सर्जन तरुण होता, घाईत होता, पण त्याने बोट नीट बघितलं. चीर देऊन पू काढला. मग मला म्हणाला, "हाडाच्या अगदी जवळ गेलंय. एक आठवडा बघू. कॅप्सूल चालू ठेवा. पुढच्या बुधवारी असंच असलं तर मधल्या पेरापासून काढावं लागेल."

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "भाकरी चार बोटांनी थापता येते का गं?"

"डावखुऱ्या बायका थापतात की," मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं, ते तिलाही कळलं.

तांदळाची भाकरी थापायची म्हणजे उजव्या हाताच्या बोटांची टोकं लागतात. पीठ कडेला फाटू न देता फिरवायचं असतं. दिवसाला पन्नासएक भाकऱ्या. तीन आठवडे खानावळीतली माणसं आपापल्या भाकऱ्या आपण थापत होती आणि डब्यात कोणाच्या गोव्याचा तर कोणाच्या सिलोनचा नकाशा जात होता. प्रेमाने माणूस किती दिवस जाड, कच्ची भाकरी खाईल? बोट गेलं की महिन्याभरात एकेक जण दुसरी खानावळ बघणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आणि खानावळ गेली की ती कुठे येणार? माझ्या खोलीत. माझी खोली दहा बाय बारा, तीत आम्ही पाच माणसं. तिचं बोट राहावं यात माझा स्वार्थ होता, तो मी कधी लपवला नाही. तिच्यापासूनसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी टेबलावर त्याच पिवळ्या कॅप्सूल आल्या. कागदांचा गठ्ठा उजवीकडे, खोकी डावीकडे. मी घड्या घालत होते. साडेदहाच्या सुमारास पट्ट्यांचं मशीन अडकलं आणि सगळ्यांना हात थांबवावे लागले. शेजारणी गप्पांना लागल्या. माझ्या हातात अर्धी घडी घातलेला कागद होता. तो मी उलगडला.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं लागतात, जोडशब्द लागत नाहीत. आठ वर्षांत त्या कागदाची लांबी, रुंदी, कुठली कड आधी दुमडायची, शाई हाताला लागते की नाही, सगळं मला माहीत होतं. त्यावर काय लिहिलंय ते बघायचं मला सुचलं नव्हतं. नणंदेच्या बोटापायी सुचलं. मी कागदावरून बोट फिरवत 'फिंगर' शोधत होते. फिंगर सापडलं नाही. मिल्क सापडलं.

आधी वाटलं, दुधाबरोबर घ्यावं असंच लिहिलं असेल. पण मिल्कच्या अलीकडे 'नॉट' होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. तिथे एक केमिस्टबाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, कोणाशी जास्त न बोलणाऱ्या. मधल्या सुट्टीत मी डबा न उघडता त्यांच्याकडे गेले.

"मॅडम, एवढी ओळ वाचून सांगा."

त्यांनी वाचली. "हे औषध दूध आणि दुधाच्या पदार्थांबरोबर घेऊ नये. पोटातल्या आम्लावर देतात त्या औषधांबरोबरही नाही. जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी."

"का?"

"दुधात कॅल्शियम असतं. हे औषध त्याला जाऊन चिकटतं. मग ते रक्तात उतरत नाही. आलं तसं बाहेर."

"म्हणजे घेतलं काय आणि न घेतलं काय?"

"जवळजवळ. कोण घेतंय दुधाबरोबर?"

मी सांगितलं. म्हशीच्या दुधाचंही सांगितलं. मामांच्या तपकिरी पुडीचंही. त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, जुनं झालेलं टेट्रासायक्लिन खाल्लं तर मूत्रपिंड बिघडतं, दोनच कॅप्सूलवर भागलं हे नशीब. मग कागदाकडे बघून म्हणाल्या, "पण हे तर तुमच्याच टेबलावरून जातं ना? घडी तुम्हीच घालता."

"घडीच घालते," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आता आलेच आहे तर सगळाच वाचा. त्यांनी भराभर सगळा कागद सांगितला. उन्हात फिरू नये, कातडी भाजते. गरोदर बाईला देऊ नये. आठ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. इथे मला आमच्या चाळीतल्या शेजारणीची धाकटी आठवली. दोन वर्षांची असताना तिला वारंवार खोकला व्हायचा आणि डॉक्टर दर वेळी गोड, पिवळं सिरप द्यायचे. दुधाचे पडून पुढचे दात आले ते चिंचेच्या रंगाचे. आई तिला रोज राखुंडीने दात घासायला लावायची आणि वर धपाटा घालायची, की गूळ खातेस म्हणून असं होतं. त्या पोरीने किती धपाटे खाल्ले ते मी भिंतीपलीकडून ऐकले होते. हे औषध म्हणे हाडात आणि दातात जाऊन बसतं. जिथे जायला नको तिथे बरोबर पोचतं, आणि जिथे जायला हवं तिथे जाताना दुधात अडकतं.

संध्याकाळी मी घाटकोपरला गेले. पदराच्या गाठीत कागद होता. कारखान्याचा कागद बाहेर नेणं म्हणजे चोरी; सापडले असते तर नोकरी गेली असती. पण फाटकावर झडती घेणारी बाई पट्ट्या शोधते, कागद नाही.

खानावळीत नणंद भिंतीला टेकून बसली होती आणि मामा पेला घेऊन समोर.

"दूध नको," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"या गोळ्यांवर दूध घ्यायचं नाही. दुधाने औषध वाया जातं. आजवर घेतलेल्या सगळ्या वाया गेल्या."

मामा म्हणाले, "दुधान औषध वाया जाता? दूध म्हणजे इख काय गो?"

"विष नाही मामा. पण या औषधाला नाही चालत."

"डॉक्टर सांगतत घे. तू सांगतस नको. डॉक्टर कोण, तू काय तो?"

नणंदेने पेला हातात घेतला होता. तिचा चेहरा बघवत नव्हता. तीन आठवड्यांत बोट दुखून ती रडली नव्हती, ती आता रडायला लागली. "वहिनी, यांनी आपल्या तोंडचं काढून दिलंय गं. काळा चहा पितात. वाया गेलं असं कसं म्हणतेस?"

यावर मला जो राग आला तो कोणावर काढावा ते कळेना. चौदा माणसांनी चांगुलपणा केला होता. त्या चांगुलपणाने बोट कुजत होतं. चांगुलपणाला कागद दाखवून पटत नाही. तेव्हा ज्याला कागद वाचता येतो त्याच्याकडे जायचं ठरवलं.

डॉक्टरांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. शुक्रवारी मी पाळीनंतर नणंदेला घेऊनच गेले. बाहेर बाकावर नंबर लावून बसायचं, आत एक टेबल, पडद्यामागे कंपाउंडर आणि त्याच्या बाटल्या. माझा नंबर आला तेव्हा मी कागद टेबलावर ठेवला आणि ओळीखाली नख धरलं.

"हे काय?"

"तुम्ही दिलेल्या कॅप्सूलचा कागद. दूध घेऊ नये असं लिहिलंय. आणि ते पांढरं औषधही."

"तुम्ही करता काय, बाई?"

"औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे."

"असं. म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी लावता." ते खुर्चीत मागे रेलले. "मग उद्या विटा वाहणाऱ्या बाईने इंजिनियरला शिकवावं."

"वीट चुकीची लागली असेल तर शिकवावं," मी म्हटलं.

पडद्यामागे बाटल्यांचा आवाज थांबला. नणंद माझा पदर ओढत होती. तिला वाटत होतं, आता डॉक्टर आपल्याला औषधच देणार नाहीत. डॉक्टरांनी मात्र चष्मा वर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला. केमिस्टबाईंना सगळा कागद वाचायलाही एवढा वेळ लागला नव्हता. मग कागद त्यांनी उलटा ठेवला आणि नणंदेकडे वळून, जणू मी खोलीत नव्हतेच, म्हणाले, "असं करू. तुमची प्रकृती जरा वेगळी दिसते. तुम्हाला दूध मानवत नाही. पाच दिवस पाण्याबरोबर घ्या. पांढरं औषध बंद."

तिची प्रकृती वेगळी. शब्द ऐका. जगातल्या सगळ्यांना चालतं आणि घाटकोपरच्या एका बाईला मानवत नाही. मी कागद उचलून पदरात बांधला. मला बोट हवं होतं, माफी नको होती.

डॉक्टरच्या तोंडून आल्यावर खानावळीला लगेच पटलं. मामा म्हणाले, "प्रकृती वेगळी असता एकेकाची." आणि दुसऱ्या दिवसापासून चहात दूध पडलं.

पुढचे पाच दिवस मी कॅलेंडरवर आठ-आठ रेघा मारत होते. शनिवारी अर्धी सुट्टी होती, रविवार मोकळा, आणि सोमवारपासून माझी दुपारची पाळी लागली, त्यामुळे सकाळी जाता येत होतं. कॅप्सूल घशाखाली उतरेपर्यंत मी समोर बसायचे. पोटात जळजळ व्हायची. ती म्हणायची, घोटभर दूध दे. मी द्यायचे पाणी. अगदी सहन होईना तेव्हा दोन तासांनी पेज दिली, मीठ घालून. केमिस्टबाईंना मी खास विचारून घेतलं होतं, पेज चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल, आणि बोट कसं आहे? रोज विचारायच्या त्या. कामाशिवाय न बोलणाऱ्या बाई.

रविवारपर्यंत काही फरक नव्हता. मी मनातल्या मनात खोलीत तिचं अंथरूण कुठे बसेल ते बघूनही ठेवलं. सोमवारी संध्याकाळी ताप आला नाही. मंगळवारी पट्टी सोडली तर पू पातळ झालेला, आणि मनगटाकडे चढलेली लाली खाली उतरलेली. "जरा बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि त्या 'जरा'वर मी पहिल्यांदा विश्वास ठेवला.

बुधवारी हॉस्पिटलात तोच सर्जन होता. त्याने बोट दाबलं, वाकवून बघितलं, ती ओरडली. "राहू दे," तो म्हणाला. "काढायला नको. नख जाईल. टोकाचं पेर वाकणार नाही, ते कडकच राहील. दहा दिवस अजून कॅप्सूल घ्या." मग म्हणाला, "गेल्या आठवड्यात मला वाटलं नव्हतं. काय बदललं?"

"दूध बंद केलं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "दूध घेत होत्या? कोणी सांगितलं?"

नणंदेने माझ्या पायावर पाय दिला. गल्लीतला डॉक्टर, उद्या परत त्याच्याकडेच जायचं. मी म्हटलं, "सगळे सांगतात." तेही खोटं नव्हतं. मीही सांगितलंच होतं.

ताठ पेराने भाकरी थापता येते का, हे तिने त्याला विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. मी तिला म्हटलं, येते, टोक पाटावर टेकवून फिरवायची, थोडी सवय लागेल. ते नंतर खरं ठरलं. भाकरी आता एका बाजूने किंचित जाड होते, पण तिची खानावळ तिच्याच खोलीत आहे आणि माझी खोली माझी.

परत येताना तिला खानावळीत सोडलं. गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याचं दार उघडं होतं आणि बाकावर गर्दी. एक म्हातारी बाई आतून बाहेर पडली. हातात पिवळ्या कॅप्सूलची पुडी, काखेत पांढऱ्या औषधाची बाटली. सुनेला सांगत होती, "प्रत्येक गोळीवर पेलाभर दूध म्हणाले. उष्ण असतं ना." आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. पुढच्या माणसाला तेच सांगत होते. पाच दिवसांपूर्वी ज्या माणसाने तो कागद डोळ्यांजवळ धरला होता, तोच.

मी आत जायला पाय पुढे टाकला होता. मग मागे घेतला. त्याला काय सांगणार? त्याला माहीत होतं. सांगायचं होतं ते बाकावरच्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरचं उरकून साडेआठला त्या बाकावर जाऊन बसले. नंबर लावला नाही. आतून जो कोणी पुडी घेऊन येईल त्याला म्हणायचे, "दाखवा बघू." पिवळी असली की सांगायचे, दूध नको, पांढरं औषध नको, पाण्याबरोबर घ्या, जेवणाआधी तासभर. एका बाईच्या हातात सिरप होतं आणि कडेवर मूल, तिला सांगितलं, हे देऊ नका, दात जातील, हवं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. दोघी-तिघींनी ऐकलं. एकीने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "औषधाच्या कारखान्यातली." एक गृहस्थ म्हणाले, "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" दहाच्या सुमारास कंपाउंडर बाहेर आला आणि म्हणाला, बाक पेशंटसाठी आहे. मी उठले आणि पायरीवर उभी राहिले. पायरी गल्लीची होती. बारा वाजेपर्यंत उभी होते. मग बस पकडून दुपारच्या पाळीला गेले.